आयसोथर्मल एक्सपान्शनची गणितं: या चुका टाळा

बारावीच्या केमिस्ट्रीत हक्काचे मार्क जातात ते इथे, प्रश्नात 'आयसोथर्मल' (म्हणजे टेंपरेचर कायम) दिसलं रे दिसलं की पोरं डोळे झाकून लॉगचा फॉर्म्युला लावून मोकळी. अरे पण तो फक्त रिव्हर्सिबलचा, म्हणजे अगदी हळूहळू, कधीही उलट फिरवता येईल अशा बदलाचा आहे!

समजा १ मोल आयडियल गॅस, ३०० केल्विन, १० बारवरून १ बारवर आणायचाय. बाहेरचं प्रेशर गॅसच्या प्रेशरपेक्षा कायम केसभरच कमी ठेवत हळूहळू उतरवलं (हेच रिव्हर्सिबल) तर गॅस ५७४३ जूल काम करतो. तेच बाहेरचं प्रेशर एकदम १ बार करून टाकलं (इरिव्हर्सिबल) तर फक्त २२४५ जूल, आणि व्हॅक्यूममध्ये सोडला तर चक्क शून्य. सुरुवात तीच, शेवट तोच, तरी तीन उत्तरं. म्हणून आधी पिस्टनच्या बाहेर काय आहे ते बघा, फॉर्म्युला नंतर.

दुसरी चूक म्हणजे इरिव्हर्सिबलमध्ये प्रेशर म्हणून गॅसचे सुरुवातीचे १० बार टाकायचे, मग उत्तर येतं २२,४४८ जूल. रिव्हर्सिबलचं काम हे जास्तीत जास्त असतं, त्याच्या वर आकडा गेला की तिथेच खोडा. (गंमत म्हणजे हा आकडा अगदीच फुकट नाही, हाच गॅस १० बारच्या कायम प्रेशरने एका दमात परत दाबायला बरोब्बर एवढंच काम लागतं.)

टेंपरेचर बदललं नाही म्हणून हीट शून्य लिहिणारेही भरपूर, ते ॲडियाबॅटिक (हीट आत-बाहेर होतच नाही असा बदल) झालं. इथे शून्य असतो तो इंटर्नल एनर्जीतला (गॅसच्या आतल्या ऊर्जेतला) बदल, त्यामुळे गॅस जेवढं काम करतो तेवढी हीट बाहेरून घेतो.

खरी गोची एंट्रॉपीत (ऊर्जा किती विखुरली याचं माप) होते. १ बारवाल्या केसमध्ये २२४५ ला ३०० ने भागून ७.४८ लिहितात, पण ती आजूबाजूने गमावलेली एंट्रॉपी झाली, गॅसची वाढ तिन्ही केसमध्ये १९.१४ जूल प्रति केल्विनच, कारण एंट्रॉपी रस्ता बघत नाही आणि भागायची हीट रिव्हर्सिबल रस्त्याचीच घ्यायची असते. म्हणजे त्या केसमध्ये गॅस आणि आजूबाजू मिळून एकूण वाढ ११.६६, रिव्हर्सिबलला शून्य.

बाकी किरकोळ, पण मार्क खाणारं: लॉग बेस १० घेतला तर २.३०३ ने गुणा, लिटर-बारचे जूल करताना १०० ने, टेंपरेचर केल्विनमध्येच. आणि चिन्ह! केमिस्ट्रीच्या पेपरात गॅसने केलेलं काम मायनस, फिजिक्सच्या पेपरात प्लस.