पाडव्याच्या तोंडावर गावाकडच्या परसबागेत काय करायचं

मंडळी, होळी झाली, बांधावरचा पांगारा लालभडक झालाय आणि आता सगळ्यांचा एकच प्रश्न, मोगऱ्याला कळ्या कधी? तर जानेवारीत ज्यांनी पाणी तोडून छाटणी केली, पानं काढली, शेणखत घालून परत पाणी सुरू केलं त्यांच्याकडं आता कळ्या दिसायला लागल्या असतील. ज्यांचं राहून गेलं त्यांनी आता झाड बोडकं करू नका, ऊन वाढलंय, नुसते शेंडे चार बोटं खुडा आणि बुडात दोन घमेली कुजलेलं शेणखत टाका.

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यालाच येते, म्हणून फुलं संपली की तो सुकलेला देठ खालच्या पानांच्या एका जोडीसकट खुडायचाच. आमच्या आईला आधी हे पटायचं नाही, हिरवा शेंडा कशाला तोडतोस म्हणायची, पण खुडलेल्या जागी दोन फुटी येतात आणि दोन्हीला कळ्या धरतात हे तिनं डोळ्यांनी बघितल्यापासून आता रोज संध्याकाळी तीच करते. युरियाच्या नादाला लागू नका, मी एका वर्षी टाकला तर झाड छातीएवढं झालं आणि कळी नावाला नाही.

कळी जांभळट पडली आणि तिला टाचणीएवढं भोक दिसलं तर फोडून बघा, आत काळ्या डोक्याची बारीक हिरवट अळी सापडेल. अशा कळ्या तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, झाडाखाली टाकू नका. मग निंबोळी अर्क, लिटरला ५० ग्रॅम निंबोळ्यांची पूड रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून, चमचाभर साबणाचं पाणी घालून फवारायचा. फवारणी संध्याकाळीच, फुलं काढून झाल्यावर, कारण सकाळी मधमाश्या असतात. आणि हीच फुलं आपण गजऱ्यात माळतो, पाण्याच्या माठात टाकतो, तेव्हा कडक औषध घरच्या मोगऱ्यावर नकोच.

आमच्याकडं सातारा भागात काळी माती, त्यात बोअरचं क्षाराचं पाणी, त्यामुळं कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं होतं. हे लोह कमी पडल्याचं लक्षण, पाणी वाढवून जात नाही. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, ऊन उतरल्यावर पानांवर, दहा-बारा दिवसांनी परत एकदा.

शेवंती संपली असेल तर वीतभर ठेवून कापा आणि झाडाच्या सावलीला हलवा. गुलाबाची मोठी छाटणी आता नको. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, जोरात पाण्याचा फवारा मारा, जास्त असेल तर फांदीच काढा, पण कात्री लावायच्या आधी नीट बघा. आमच्या पडवीजवळच्या फांदीला शिंजिराचं घरटं लोंबतंय, कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, वाळकी पानं, लांबून कचराच वाटतो आणि मादी त्या इवल्याशा दारातनं चोच बाहेर काढून बसलेली असते. ती फांदी पिल्लं उडेपर्यंत तशीच राहू द्या, ढेकूण बाकीच्या फांद्यांवरनं ओल्या फडक्यानं पुसून काढा.

पालापाचोळा पेटवू नका, आळ्यात चार बोटांचा थर द्या, फक्त खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी लागते.