'सगळे म्हणजे कोण कोण?' एनएलपीतलं काय घ्यावं, काय सोडावं

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांत मी ट्रेनिंग घेते आणि संध्याकाळी ठाण्यात नौपाड्यात समुपदेशनाला बसते. एनएलपी, म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग: बोलण्याच्या आणि विचारांच्या सवयी बदलण्याची तंत्रं. त्याचं नाव निघालं की दोन्हीकडे एकच प्रश्न येतो: ''मॅडम, डोळ्यांवरून खोटं ओळखता येतं ना?'' नाही येत. वर उजवीकडे बघितलं की थाप आणि डावीकडे बघितलं की खरी आठवण, हा एनएलपीवाल्यांचा दावा मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी तपासला. 2012 साली निकाल छापून आला, त्यात काही तथ्य निघालं नाही. 'तुम्ही व्हिज्युअल की ऑडिटरी', म्हणजे बघून विचार करणारे की ऐकून, ही वर्गवारीही संशोधनात टिकलेली नाही. मुलाखती घेणाऱ्या एचआरवाल्यांनी ते डोळ्यांचे तक्ते आधी भिंतीवरून उतरवावेत.

उरतात ते प्रश्न, आणि माझ्या मते एनएलपीतला खरा ऐवज तोच. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथे एनएलपीचे जनक रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सटीर, मिल्टन एरिक्सन अशा नावाजलेल्या थेरपिस्टांचं बोलणं बारकाईने टिपलं. त्यातून निघालेल्या प्रश्नांच्या पद्धतीला मेटा मॉडेल म्हणतात. बोलताना आपण तपशील गाळतो, एक-दोघांवरून सगळ्यांवर शिक्का मारतो, नाहीतर दुसऱ्याच्या मनातलं आपणच ठरवून टाकतो. या तीन जागा पकडायच्या.

एक टीम लीड माझ्याकडे आली होती. ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

''सगळे मला टाळतात.''

''सगळे म्हणजे कोण कोण?''

''म्हणजे... टेस्टिंगवाले दोघं.''

''टाळतात म्हणजे नेमकं काय करतात?''

''डब्याला बोलवत नाहीत. पूर्वी बोलवायचे.''

''कधीपासून?''

जरा वेळ गप्प. मग म्हणाली, ''रिलीज लांबलं तेव्हा मी मेलमध्ये त्यांची नावं टाकली होती. मॅनेजरला सीसी ठेवून.''

पुढचं मला सांगावं लागलं नाही. 'सगळे टाळतात' यावर करण्यासारखं काही नव्हतं. दोघांशी जाऊन बोलणं शक्य होतं.

ऑफिसात हेच करताना 'का' शक्यतो टाळा. 'का नाही झालं?' विचारलं की माणूस सबबी शोधायला लागतो, 'कुठे अडलं?' विचारलं की अडलेलं काम समोर येतं. 'साहेबांना मी आवडत नाही' यावर 'कशावरून वाटलं?', 'मला जमणारच नाही' यावर 'कशामुळे अडेल?', आणि 'कधीच ऐकत नाहीत' यावर 'एकदाही नाही?' असं विचारा. या शेवटच्या प्रश्नाला आवाज मऊ हवा, नाहीतर तो टोमणा होतो. लागोपाठ दोन-तीन प्रश्न पुरेत. पुढे उलटतपासणी सुरू होते. आणि शिकल्या दिवशीच घरी नवऱ्यावर प्रयोग करू नका.

रॅपोसाठी, म्हणजे सूर जुळावा म्हणून, समोरच्याच्या हातवाऱ्यांची नक्कल शिकवतात. ती लगेच लक्षात येते आणि विचित्र दिसते. तो सावकाश बोलत असेल तर आपणही वेग कमी करावा, एवढं बस झालं.

अँकरिंग, म्हणजे चांगली भावना एखाद्या खुणेला जोडून ठेवणं, मी प्रेझेंटेशनच्या धाकधुकीपुरतं शिकवते. स्वतःचं नीट जमलेलं एखादं काम आठवा. जागा, आवाज, तेव्हा कोण काय म्हणालं, सगळं. ती भावना चांगली दाटली की अंगठा आणि मधलं बोट दाबा, ओसरायला लागली की सोडा. निवांत वेळी याची सवय करा आणि मग मीटिंगला जाताना, वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्यासुद्धा, तीच बोटं दाबा. काहींना आधार वाटतो, काहींना काहीच होत नाही. नाही झालं तर सोडून द्या.

फजितीची आठवण छळत असेल तर आणखी एक करून बघता येतं. आपण गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत बसलोय आणि खाली स्टेजवर तो प्रसंग चाललाय, त्यात आपणही आहोत, असं लांबून बघायचं. चित्र फिकं करायचं, आवाज बारीक करायचा. हे मीटिंगमध्ये ततपप झालं एवढ्यापुरतंच. अपघात, मारहाण, अत्याचार यांच्या आठवणी ट्रेनिंगच्या खोलीत कुणी उकरू नयेत.

रिफ्रेमिंगचा, म्हणजे तीच गोष्ट वेगळ्या चौकटीत बघण्याचा, उपयोग आहे, पण दुरुपयोग जास्त दिसतो. सतत खुसपट काढणारा माणूस बिलं तपासायला बसवला की तोच गुण होतो, हे रिफ्रेमिंग झालं. दोघांचं काम एकाच्या गळ्यात मारून 'याकडे संधी म्हणून बघा' म्हणणं हे नव्हे. एका कंपनीने मला नेमकं तेच शिकवायला बोलावलं होतं. तिथे माणसं वाढवायला हवी होती.

कुणी एनएलपीने डिप्रेशन किंवा पॅनिक बरं करतो म्हणाला तर आधी त्याची पात्रता विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. एनएलपी प्रॅक्टिशनरचं सर्टिफिकेट म्हणजे ती नोंदणी नव्हे. झोप उडालीय, कामावर जाववत नाही, जीव नकोसा वाटतोय, अशा वेळी थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ठाण्याच्या मनोरुग्णालयातही दाखवता येतं. रात्री-अपरात्री टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.