तोंड-डोळे कोरडे पडतायत? तपासणीत या चुका टाळा

आमच्या काकीला तांदळाची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय घशाखाली उतरायची नाही, सोलकढी जिभेला झोंबते म्हणून तिने सोडूनच दिली, डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं. सगळे म्हणायचे वय झालं, उन्हाळा बाधला. अहो पण भर श्रावणात, रत्नागिरीत, जिथे कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते तिथे तोंड सुकतंय म्हणजे कारण हवेत नाही ना!

सगळ्यात मोठी चूक आमचीच झाली, प्रत्येक तक्रार वेगळ्या डॉक्टरला सांगितली. डोळ्यांसाठी ड्रॉप्स, हिरड्यांच्या कडेने किडलेल्या दातांना फिलिंग, बोटं दुखतात म्हणून गोळ्या, आणि थकवा तर कोणाला सांगितलाच नाही. हे सगळं एका कागदावर लिहून एकाच डॉक्टरसमोर ठेवा, तेव्हा कुठे शोग्रेन सिंड्रोमचं नाव निघतं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, आणि दहा पेशंटपैकी नऊ बायका असतात.

चालू गोळ्या सांगायला विसरू नका. अ‍ॅलर्जीच्या, डिप्रेशनच्या, वारंवार लघवीच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. मनाने बंद मात्र करू नका.

आता रिपोर्टचं. एएनए, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे का याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी, निगेटिव्ह आली की लोक सुटलो म्हणतात, पण एएनए निगेटिव्ह असूनही एसएसए नावाची, या आजारात बऱ्याचदा सापडणारी अँटीबॉडी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून ती वेगळी मागून घ्या. आणि उलटंही खरं, नुसती एसएसए आली म्हणजे आजार पक्का असं नाही. 2016 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत पॉझिटिव्ह एसएसएला 3 गुण, ओठाच्या बायॉप्सीत खूण सापडली तर 3, शिर्मर टेस्टला 1, आणि लागतात किमान 4. शिर्मर म्हणजे खालच्या पापणीत कागदाची पट्टी लावतात, 5 मिनिटांत 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर गुण मिळतो. रक्तात एसएसए नसेल तर बायॉप्सी फार महत्त्वाची, आणि काकी नेमकी तिलाच घाबरून वर्षभर टाळत राहिली. खालच्या ओठाला आतून, सुन्न करून छोटासा छेद देतात आणि बारीक ग्रंथी काढतात, बस.

यासाठी संधिवाताचे तज्ञ म्हणजे रुमॅटोलॉजिस्ट गाठा, कोल्हापूर-मुंबईला जावं लागलं तरी जा. एसएसए पॉझिटिव्ह असून मूल हवं असेल तर आधीच सांगा, पोटातल्या बाळाच्या हृदयावर क्वचित परिणाम होतो. आणि कानाखाली गालाची सूज आठवडे उलटूनही उतरत नसेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा, लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, नाही ना हे बघावं लागतं.