छोट्या व्यवसायासाठी रिवॉर्ड कार्ड निवडताना : आधी तारखा, मग पॉइंट

छोट्या व्यवसायांचे हिशेब पाहणं हे माझं रोजचं काम. नव्याने व्यवसायात उतरलेली माणसं चालू खातं उघडून झालं की हमखास विचारतात, "कोणत्या कार्डावर पॉइंट जास्त मिळतात?" त्यावर मी विचारतो, "तुमचे पैसे महिन्याच्या कोणत्या तारखांना जमा होतात?" बहुतेकांकडे याचं नेमकं उत्तर नसतं. ते मिळेपर्यंत कार्डांची तुलना करायला बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. सर्वसाधारण रिवॉर्ड कार्डावर, म्हणजे खरेदीवर पॉइंट किंवा पैसे परत देणाऱ्या क्रेडिट कार्डावर, १०० च्या खरेदीमागे १ ते २ परत मिळतात. थकबाकीवरचं व्याज महिन्याला २ टक्के धरलं, तरी चक्रवाढीने ते वर्षाला जवळपास २७ टक्के होतं, आणि अनेक कार्डांचा दर याहूनही चढा असतो. एका महिन्याचं बिल पूर्ण भरलं गेलं नाही, की त्या महिन्याची सगळी कमाई व्याजात जाते. शिवाय थकबाकी राहिली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीचा व्याजमुक्त काळही बंद होतो. म्हणजे आज घेतलेल्या मालावर आजपासूनच व्याज. 'किमान रक्कम भरली, म्हणजे झालं' या समजुतीतून अनेकांची गाडी इथे अडकते. किमान रक्कम भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही.

तारखांचं गणित एकदा कागदावर मांडून पाहाच. समजा स्टेटमेंट दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि पैसे भरायची शेवटची तारीख २५ आहे. ४ तारखेला माल घेतला, तर तो लगेच दुसऱ्या दिवशीच्या स्टेटमेंटमध्ये येतो आणि पैसे २१ दिवसांत द्यावे लागतात. तोच माल ६ तारखेला घेतला, तर तो पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये जातो आणि हाताशी सुमारे ५० दिवस राहतात. माल तोच, कार्ड तेच, पण दोन दिवसांच्या फरकाने महिनाभर बिनव्याजी पैसा वापरायला मिळतो. ज्या व्यवसायात गिऱ्हाईक ३०-४५ दिवसांनी पैसे देतं, तिथे हे खेळतं भांडवल कुठल्याही पॉइंटपेक्षा मोलाचं आहे. अनेक बँका स्टेटमेंटची तारीख बदलून देतात. अर्ज करतानाच विचारा आणि मोठी वसुली येण्याच्या तारखेनंतर आठवड्याभराने भरणा येईल, अशी ती बसवून घ्या.

तारखा जमल्या, की गेल्या १२ महिन्यांचा खर्च काढा. व्यवसाय नवा असेल, तर तीन महिन्यांचा तरी. एका छपाई व्यवसायाच्या मालकाला विमानप्रवासावर भरघोस पॉइंट देणारं कार्ड घ्यायचं होतं. आम्ही बँकेचा उतारा उघडला आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने खूण करत गेलो : कागद, शाई, कुरिअर, ऑनलाइन जाहिरात, सॉफ्टवेअरची वर्गणी, प्रवास. पान संपलं तेव्हा प्रवासाच्या खुणा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि कागदाच्या खुणांनी समास भरला होता. त्यांनी शेवटी सगळ्या खरेदीवर सरसकट दीड टक्का देणारं बिनशुल्क कार्ड घेतलं. खर्च जिथे होतो, तिथे परतावा देणारं कार्ड हवं. जिथे व्हावासा वाटतो, तिथे नव्हे.

या टप्प्यावर एक गोष्ट बारकाईने समजून घ्यावी. 'कार्यालयीन साहित्यावर ५ टक्के' असं लिहिलेलं असतं, तेव्हा तुम्ही काय विकत घेतलं हे बँकेला दिसत नाही. तिला दिसतो तो विक्रेत्याचा चार अंकी वर्गीकरण-कोड. कागदाची रिमं सुपरमार्केटमधून घेतली, तर ती किराण्यात मोडतात. घाऊक विक्रेता भलत्याच कोडखाली नोंदलेला असू शकतो, आणि मध्ये एखादं पेमेंट अॅप आलं की कधी कधी कोडच बदलतो. म्हणून ज्या तीन-चार विक्रेत्यांकडे सर्वाधिक पैसा जातो, त्यांच्याकडे पहिल्या महिन्यात छोटी खरेदी करून पाहावी आणि पॉइंट कुठल्या दराने जमा झाले ते तपासावं. इंधन, भाडं, कर, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम यांना अनेक कार्डं पॉइंटमधून वगळतात. ही वगळण्याची यादी अटींच्या शेवटच्या पानांवर असते. मी ती सगळ्यात आधी वाचतो.

हा परतावा येतो कुठून, हेही माहीत असलेलं बरं. तुम्ही कार्ड वापरलं की विक्रेत्याच्या रकमेतून थोडा वाटा कापला जातो आणि त्यातला बराचसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. पॉइंटचा मोठा भाग त्यातूनच येतो. युरोपीय संघाने २०१५च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवर हा बँकेचा वाटा ०.३ टक्क्यांवर मर्यादित केला, पण व्यावसायिक कार्डांना त्या मर्यादेतून वगळलं. व्यावसायिक कार्डाचा खर्च विक्रेत्याला जड जाऊ शकतो तो असा. म्हणूनच काही विक्रेते, नियम परवानगी देत असतील तिथे, कार्डाने पैसे दिल्यास वर अधिभार लावतात. अधिभार २ टक्के आणि परतावा दीड टक्का असेल, तर दर खरेदीत अर्धा टक्का तोटाच. अशा ठिकाणी थेट बँकेतून पैसे पाठवावेत. रोखीने किंवा लगेच भरणा केल्यावर विक्रेता सूट देत असेल, तर तीही याच तराजूत घालावी.

संरक्षणाच्या बाबतीतही व्यावसायिक कार्ड वेगळं असू शकतं. अमेरिकेत २००९च्या क्रेडिट कार्ड कायद्याने ग्राहकांना व्याजदर अचानक वाढवण्यापासून जे संरक्षण दिलं, ते व्यावसायिक कार्डांना लागू होत नाही. आपल्या घरच्या कार्डावर मिळतं ते इथेही मिळेल, असं धरून चालू नका. बहुतेक छोट्या व्यवसायांच्या कार्डांवर मालकाची वैयक्तिक हमीही घेतली जाते. व्यवसाय बुडाला, तरी देणं तुमच्या डोक्यावर राहतं. सही करण्याआधी घरच्यांनाही हे सांगा, कारण हा धोका त्यांचाही आहे.

वार्षिक शुल्काचं गणित झटपट होतं. शुल्क असलेलं कार्ड बिनशुल्क कार्डापेक्षा किती टक्के जास्त देतं, तेवढाच फरक धरायचा. शुल्क ५,००० आणि फरक अर्ध्या टक्क्याचा असेल, तर वर्षाला १०,००,००० खर्च झाल्यावर कुठे बरोबरी होते. सुरुवातीच्या काळात ठरावीक खर्च केल्यावर मिळणाऱ्या स्वागताच्या बोनससाठी पुढच्या सहा महिन्यांचा माल आत्ता भरून ठेवायचा मोह होतो, तो टाळा. गोदामात अडकलेला पैसा बोनसने भरून निघत नाही.

पॉइंटची किंमत मात्र संथपणे तपासावी. तोच पॉइंट बिलातून वजा करताना एका भावाने धरतात, भेटवस्तू घेताना त्याहून कमी भावाने आणि विमानकंपनीकडे वळवला तर कधी जास्त भावाने. हा भाव बँक केव्हाही बदलू शकते. मुदत संपली की पॉइंट बाद होतात. ज्याला यात डोकं घालायला वेळ नाही, त्याने सरळ कॅशबॅक घ्यावा. नव्या व्यावसायिकाला मी जवळजवळ नेहमी हेच सुचवतो.

परदेशी चलनात पैसे देणार असाल, तर चलनबदलाचं शुल्क आधी पाहा. ते अनेकदा ३ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि दोन टक्के परतावा मिळून काहीच हाती लागत नाही. परदेशी सॉफ्टवेअरची वर्गणीही यात आली. कर्मचाऱ्यांना जोडकार्डं देताना प्रत्येकाची मर्यादा वेगळी लावता येते का, ते विचारा. त्यांच्या खरेदीचे पॉइंट मूळ खात्यात जमा होतात, पण देण्याची जबाबदारीही मूळ खात्याचीच असते.

कार्ड वर्षभर वापरल्यावर शुल्काची तारीख येण्याच्या महिनाभर आधी पुन्हा तोच खर्चाचा कागद काढा. परतावा शुल्काला पुरत नसेल, तर बँकेला फोन करून शुल्क माफ करता येईल का किंवा बिनशुल्क कार्डावर बदलून मिळेल का, ते विचारा. बंदच करायचं ठरलं, तर आधी साठलेले पॉइंट वापरून टाका, कारण खातं बंद झालं की ते बहुधा जातात. मग कार्डावर लावलेल्या वर्गण्या आणि आपोआप होणारे भरणे दुसरीकडे वळवा, पुढच्या स्टेटमेंटमध्ये बाकी शून्य आल्याचं पाहा आणि खातं बंद झाल्याचं पत्र लेखी मागून फाइलला लावा.