नदीत उतरताय? हेल्मेट निवडताना या चुका टाळा

"अण्णा, गाडीचंच हेल्मेट आणलं तर चालतंय का?"

जून लागला, राफ्टिंगसाठी, म्हणजे रबरी होडीतून खळाळत्या पाण्यात उतरायला, कोकणातल्या कोलाडच्या गाड्या ठरायला लागल्या की हा फोन येतो. नाही चालत. दर पावसाळ्यात हेच सांगतो आणि दर पावसाळ्यात कुणीतरी सीटखालून काळं चकचकीत फुल-फेस हेल्मेट काढतोच. वर म्हणतो, "आयएसआय आहे, बघा की."

आपल्या सोलापूरला खळाळतं पाणी नाही, हे मान्य. हिप्परग्याच्या तलावावर नाहीतर उजनीच्या फुगवट्यात वल्हं मारायला शिकायचं आणि खरी धार बघायला साडेतीनशेच्या वर किलोमीटर गाडी हाणत कोलाडच्या कुंडलिका नदीवर जायचं. गंमत म्हणजे ती धारही मूळची आपल्याच खोऱ्यातली. मुळा ही भीमेच्या खोऱ्यातली नदी. तिचं पाणी मुळशी धरणात अडवून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात आणि तिथून ते कुंडलिकेला मिळतं. उजनीत यायचं पाणी कोकणात उतरतं आणि आपण पैसे भरून त्यात उड्या मारतो. असो. तलावावर शिकलेल्या माणसाला हेल्मेट म्हणजे नियमापुरती वस्तू वाटते, कारण तलावात डोकं आपटायला काही नसतं. कुंडलिकेत पाण्याखाली काळे धोंडे आहेत आणि ते दिसत नाहीत.

गाडीचं आणि सायकलचं हेल्मेट

गाडीच्या हेल्मेटचं मानक आयएस ४१५१. रस्त्यावर ते उत्तम आहे, घालत जा. पण ते एका जोरदार आपटीसाठी बनवलेलं असतं. आतला थर्मोकोलसारखा थर चेपतो, धक्का खातो आणि तिथंच त्याचं काम संपतं. नदीत एकाच फेरीत डोकं दोन-तीनदा ठेचकाळू शकतं. शिवाय कान, गाल, हनुवटी झाकणारं ते हेल्मेट खालून पाण्यानं भरतं. प्रवाहात वाहताना भरलेलं हेल्मेट मान मागं ओढतं, पट्टा गळ्यात रुततो, आतलं अस्तर भिजून जड होतं आणि गाइडची हाक कानापर्यंत पोचत नाही. "मग काच काढून घालतो" म्हणणाऱ्याला मी उत्तर देणं सोडून दिलंय.

सायकलचं हेल्मेट जास्त फसवं, कारण ते हलकं असतं आणि दिसायलाही जवळपास तसंच. काही जण नेटवर वाचून वादही घालतात, की सायकलच्या हेल्मेटची धक्क्याची चाचणी नदीच्या हेल्मेटपेक्षा कडक असते. खरं आहे, असते. पण तेही बहुतेक वेळा एका आपटीचंच. वर मोठमोठ्या फटी, ज्यातून दगडाचं टोक आत येऊ शकतं. मानेच्या वरचा भाग आणि कानशिलं उघडी. कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी, उलटली की माणूस पुढं वाकून डोकं होडीच्या वरच्या पाठीवर टेकवतो, म्हणजे दगडासमोर टाळू आणि डोक्याची मागची बाजू येते. सायकलचं हेल्मेट नेमकं तिथं तोकडं पडतं.

नदीच्या हेल्मेटला वरून एबीएससारख्या टणक प्लास्टिकचं नाहीतर फायबरचं कवच असतं आणि आत ईव्हीए किंवा ईपीपी फोम. हा फोम दाबला तरी परत मूळ आकाराला येतो आणि पाणी पीत नाही. पाणी निघून जायला वाट ठेवलेली असते. आत ईएन १३८५ हा आकडा शोधा. कयाकिंग आणि खळाळत्या पाण्यासाठीचं हे युरोपीय मानक आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०१२ ची. आकडा नुसत्या चिकटवलेल्या स्टिकरवर असेल आणि बनवणाऱ्याचं नाव, माप, वजन यातलं काहीच नसेल, तर ते खाली ठेवा. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. हे मानक १ ते ४ श्रेणीच्या पाण्यासाठी आहे. धार किती अवघड आहे याची ही प्रतवारी ६ पर्यंत जाते. चांगलं हेल्मेट घेतलं म्हणून पाचव्या श्रेणीत उतरायची परवानगी मिळाली असं कुणी समजू नये.

बांधकामाचं पिवळं हेल्मेट? ते वरून पडणाऱ्या विटेसाठी. पुढचा प्रश्न.

ढिलं हेल्मेट

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते इथं. माणसं रंग बघतात, ब्रँड बघतात, फोटोत कसं दिसेल ते बघतात. डोक्यावर बसतंय का, हे बघायला मात्र कुणाला वेळ नसतो. सात रस्त्यावर पोलीस दिसला की कोपराला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर ठेवायचं, बक्कल न लावता, आणि पुढच्या चौकात काढायचं, ही आपली सवय. तीच सवय नदीवर येते.

मागं एकदा आमच्याच गावचा एक ग्रुप कोलाडला भेटला. माझ्या राफ्टमधले नव्हते, शेजारच्या राफ्टमधले. कॅम्पवर जाळीच्या टोपलीत भाड्याची हेल्मेटं पडली होती, सगळी एका मापाची वाटावीत अशी, मागचं चाक फिरवून घट्ट करायची. निम्म्यांची चाकं गेलेली. एका पोरानं त्यातलं सगळ्यात मोठं उचललं. "मोकळं बरं वाटतंय, हवा लागते." त्याच्या गाइडनं पट्टा आवळून दिला. यानं राफ्टमध्ये बसताना तो परत सोडला, कारण उकडत होतं. माझ्या राफ्टमधून मी ओरडलो, तर अंगठा दाखवून हसला.

त्यांची राफ्ट एका मोठ्या दगडाला आडवी लागली, एक बाजू वर उचलली गेली आणि खालच्या बाजूचे दोघं पाण्यात. दुसरा लगेच दोरीला लागला. हा आधी दिसेना, मग खाली काठाजवळ वर आला. हेल्मेट पार मानेवर घसरलेलं, पट्टा गळ्यावर, आणि कपाळ पूर्ण उघडं. भुवईच्या वर चांगलीच खोक पडली होती. पाण्यात रक्त पसरतं तेव्हा आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, त्यामुळं बाकीच्यांनी आरडाओरडा केला. टाके पडले, थोडक्यात निभावलं. दवाखान्याबाहेर बसून हा मला म्हणतो, "पण अण्णा, हेल्मेट तर होतं की डोक्यावर!"

डोक्यावर नव्हतं, मानेवर होतं. संध्याकाळपर्यंत टाक्यांचा फोटो ग्रुपवर आला होता, खाली वीस-पंचवीस अंगठे. हेल्मेटबद्दल एक ओळ नाही.

तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्यांना काठावर एक कसरत करावी लागते. कंटाळतात, पण करतात. हेल्मेट आडवं, सरळ घालायचं. पुढची कड भुवयांच्या वर बोट-दीड बोट, त्याहून वर नाही. टोपीसारखं मागं ढकलून घातलेलं दिसलं की मीच पुढं ओढतो. बक्कल लावायचं आणि हनुवटीखाली एक बोट जेमतेम जाईल एवढा पट्टा आवळायचा. मग तळहात पुढच्या कडेखाली लावून जोरानं वर, मागं रेटायचं. कपाळ उघडं पडलं की हेल्मेट नापास. नंतर मागच्या कडेला धरून पुढं ढकलायचं, डोळ्यांवर आलं तरी नापास. शेवटी पट्टा सोडून डोकं गदागदा हलवायचं. पट्ट्याशिवायही ते डोक्याबरोबर हललं पाहिजे. नुसत्या पट्ट्याच्या जिवावर टिकणारं हेल्मेट धारेत टिकत नाही. ही सगळी झटापट मिनिटाभराची आहे. "एवढं काय करायचं बे" म्हणणारे तेवढाच वेळ सेल्फीसाठी केस सारखे करतात.

विकत घेणार असाल तर आधी शिंप्याकडची टेप घेऊन भुवयांच्या थोडं वरून डोक्याचा घेर मोजा आणि तो सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीचा "मीडियम" वेगळा असतो. त्यातही कुणाचं डोकं गोल, कुणाचं लांबट. घेर जुळला तरी कानशिलावर टोचतं. घरी घालून पंख्याखाली अर्धा तास बसा. एका जागी दुखायला लागलं तर परत करा, पॅडिंग काढून ते "बसवू" नका. पुण्यापर्यंत जाऊन घालून बघणं जमत असेल तर मी ऑनलाइनच्या नादाला लागतच नाही. "फ्री साइज" लिहिलेलं तर उघडूनही बघत नाही.

उकडतं म्हणून पट्टा सोडायचा, यावर माझा एकच उपाय आहे. काठावर थांबलात तर हेल्मेट पूर्ण काढा, डोकं ओलं करा, राफ्टमध्ये बसताना परत घाला आणि परत रेटून बघा. अर्धवट ढिलं ठेवायची सोय नाही.

बाकीच्या, थोडक्यात

आत टोपी, रुमाल, स्कार्फ घालून ढिलं हेल्मेट घट्ट करू नका. ओलं कापड सरकतं. केसांचा अंबाडा हेल्मेट वर उचलतो. मानेशी खाली वेणी घाला.

हेल्मेटवर कॅमेरा घट्ट स्क्रूनं बसवणं मला मान्य नाही. दोरी किंवा फांदी त्यात अडकली की मान अडकते. लाइफ जॅकेटवर लावा, नाहीतर गाइडच्या कॅमेऱ्यावर समाधान माना. लांब, कडक छज्जा असलेलं मॉडेलही नको, पाणी त्याला धरून डोकं फिरवतं.

स्टिकर, स्प्रे पेंट, थिनर यांनी प्लास्टिक कमकुवत होऊ शकतं. धुवायला साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो. बंद गाडीच्या डिकीत तर विचारूच नका. तिथं महिनाभर पडलेल्या हेल्मेटचा फोम सुटतो, गोंद वितळतो. गच्चीवर उन्हात वाळत घालणंही तसंच, ऊन प्लास्टिक ठिसूळ करतं. घरात सावलीला, खुंटीवर. आणि नदीवर जायच्या आठवड्यात एकदा काढून कवचावर तडा, बक्कलवर चीर, पट्ट्याची शिवण बघा. जोराचा मार बसला असेल तर बाहेरून धड दिसलं तरी बदला. जुनं स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्याला त्यानं किती मार खाल्लाय ते कळायचा मार्ग नसतो.

लहान मुलांचं वेगळं सांगतो. मोठ्यांच्या हेल्मेटमध्ये टॉवेलची घडी घालून "बसतंय की" म्हणणारे बाप दर मोसमात भेटतात, आणि माझं त्यांच्याशी भांडण ठरलेलं आहे. कॅम्पवर पोराच्या मापाचं हेल्मेट नसेल तर त्या दिवशी पोरगं काठावर. थोडं रडतं, मग कांदाभजी मागतं.