फाउल लाइनवर पाय चुकतोय? या चुका टाळा

दहा पिन्सच्या बोलिंगमध्ये फाउल झाला की सगळा दोष शेवटच्या पावलाला दिला जातो. पाय फाउल लाइनपुढे, म्हणजे बॉल जिच्या अलीकडून सोडायचा त्या रेषेपुढे गेला, बझर वाजला, म्हणजे चूक त्या पायाची. हे निदान मला पटत नाही. मागच्या तीन पावलांत जी घाई किंवा उशीर झालेला असतो, तो शेवटच्या पावलाच्या वाट्याला येतो. त्यामुळे रेषेजवळ आल्यावर पाय आवरायची धडपड करून काही साधत नाही. दुरुस्ती सुरुवातीपासून करावी लागते.

आधी नियम नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका त्याच्या धास्तीतून होतात. बॉल टाकताना किंवा टाकल्यानंतर शरीराचा कुठलाही भाग रेषेवर किंवा रेषेपलीकडे टेकला, तर फाउल. बॉल हातातून सुटून गेला, मग तोल गेला आणि पाय पुढे पडला, तरीही फाउलच. मात्र हात रेषेपुढे हवेत गेला आणि कुठेच टेकला नाही, तर तो फाउल नाही. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण हात आखडता घेतात, बॉल रेषेच्या अलीकडेच आपटतात आणि वर खांदा दुखतो म्हणून तक्रार करतात. हात मोकळा पुढे जाऊ द्या. थांबायचं आहे ते पायाला.

फाउलच्या बॉलवर पडलेल्या पिन्स धरल्या जात नाहीत. पहिल्याच बॉलवर फाउल झाला, तर दहाही पिन्स पुन्हा उभ्या राहतात. त्या दुसऱ्या बॉलने सगळ्या पाडल्या, तरी स्पेअर (दोन बॉलमध्ये दहाही पिन्स) मिळतो, स्ट्राइक (पहिल्याच बॉलवर दहाही) नाही. करमणुकीच्या सेंटरमध्ये फाउलचा सेन्सर अनेकदा बंद असतो आणि मग रेषेची पर्वा कोणी करत नाही. ही सवय धोक्याची आहे. रेषेच्या पुढे लेनवर, म्हणजे बॉल पिन्सकडे घरंगळत जातो त्या लांब पट्ट्यावर, तेलाचा थर असतो. तिथे पाऊल पडलं तर माणूस पाठीवर आपटतो, आणि बुटाला लागलेलं तेल परत अ‍ॅप्रोचवर, म्हणजे रेषेअलीकडच्या पावलं टाकायच्या जागेवर आलं की पुढच्या खेळाडूचाही पाय सटकतो.

मैदानावरची सवय

सांगली-मिरजेकडची बरीच मुलं खो-खो किंवा कबड्डी खेळून मोठी झालेली असतात. पुण्या-मुंबईच्या फेरीत ती पहिल्यांदा लेनवर उभी राहतात, तेव्हा त्यांच्याकडे एक मोठं भांडवल असतं. गुडघ्यात वाकून कंबर खाली ठेवणं त्यांना शिकवावं लागत नाही. रेषेचं भानही असतं. खो-खोत मधली पाटी ओलांडली की फाउल, हे शाळेतच अंगात मुरलेलं असतं.

पण त्याच मैदानाने एक उलटी सवयही लावलेली असते. मातीवर थांबायचं म्हणजे टाच रोवायची. अंग पुढे झुकलेलं, पाय खाडकन घट्ट. मातीत ते बरोबर आहे, कारण पायाखालची माती थोडी सरकते आणि झटका पचवते. अ‍ॅप्रोचवर मात्र टाच रोवली की पाय जागच्या जागी अडतो, हातातल्या पाच-सहा किलोच्या बॉलसह वरचं धड पुढे जातच राहतं आणि गुडघ्याला पीळ बसतो. फाउल तर होतोच, वर दुखापतीची भीती.

इथे रेषेवर थांबायचं नसतं, रेषेपर्यंत घसरत जायचं असतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय शेवटच्या पावलात चवड्यावर टेकतो, घसरतो, गुडघा वाकत जातो आणि अगदी शेवटी टाच खाली येऊन पाय शांत होतो. बुटाचं टोक रेषेच्या चार-सहा इंच अलीकडे थांबलं तर उत्तम. बॉल जमिनीला लागेल तो रेषेच्या पुढेच.

उजवा पाय त्याच वेळी डाव्या पायाच्या मागून डावीकडे जातो आणि बोटांवर टेकून राहतो. याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. बॉल सुटल्यानंतरचे फाउल बहुतेक याच पायाचे असतात: तो मागे न राहता डाव्या पायाशेजारी येतो, अंग सरळ उभं होतं आणि पुढचं पाऊल आपोआप रेषेपार पडतं. बॉल पिन्सना लागेपर्यंत त्याच पवित्र्यात राहायची सवय लावा. राहता येत नसेल, तर तोल आधीच गेलेला आहे.

सुरुवात कुठून करायची

लेनवर गेल्यावर बहुतेक जण अंदाजाने कुठेतरी उभे राहतात. त्याऐवजी रेषेकडे पाठ करून, टाचा रेषेपासून दोनेक इंचांवर ठेवून उभे राहा. नेहमीच्या चालीने साडेचार पावलं मागे चला आणि वळा. ती तुमची चार पावलांची जागा. वरचं अर्धं पाऊल घसरण्यासाठी. अ‍ॅप्रोच किमान १५ फुटांचा असतो आणि त्यावर रेषेपासून १२ व १५ फुटांवर ठिपक्यांच्या ओळी असतात. आपले बूट कोणत्या ओळीच्या किती मागे-पुढे आहेत, ते लक्षात ठेवा. उंच माणसाची जागा मागे, मुलांची पुढे. मित्र उभा राहिला तिथून आपणही सुरू करायचं, हा फाउलचा सर्वांत सोपा रस्ता आहे.

पहिल्या पावलातली गडबड

चार पावलांच्या पद्धतीत उजव्या पायाने सुरुवात होते आणि त्याच पावलाबरोबर दोन्ही हातांनी बॉल पुढे सरकतो. दुसऱ्या पावलाला तो खाली झुलत पायाच्या बाजूला येतो, तिसऱ्याला मागे वरच्या टोकाला जातो. चौथ्या, घसरत्या पावलाबरोबर तो खाली उतरतो आणि पाय थांबता थांबता घोट्याजवळून सुटतो.

पाऊल पडलं आणि बॉल अजून छातीशीच आहे, तर पुढचं सगळं उशिरा होतं. पाय रेषेपाशी पोहोचलेला, बॉल अजून मागे. मग माणूस खांद्याने तो ओढून आणतो आणि त्या ओढीने पुढे कलंडतो. उलट, पाय हलायच्या आधीच बॉल पुढे ढकलला तर तो लवकर खाली येतो, आणि पाय त्याला गाठायला धावतात. ही धावपळ मला सर्वांत जास्त दिसते. लोक तिला उत्साह समजतात. पावलं हळू सुरू होऊन हळूहळू वेग घ्यायला हवीत. पहिलंच पाऊल लांब टाकलं, तर शेवटच्या पावलाला जागाच उरत नाही.

यातलं आपलं नेमकं काय चुकतं, हे स्वतःला कळत नाही. मित्राला बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा. डावा पाय थांबतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि बॉल कुठे आहे ते बघा. घोट्याच्या बराच मागे असेल तर उशीर, आधीच सुटून गेला असेल तर घाई. दोन्हींवर औषध पहिल्या पावलातच आहे.

बॉल जड असेल तर मात्र हे काहीच जमणार नाही. नियमाने १६ पौंडांपर्यंतचा, म्हणजे सव्वासात किलोचा बॉल चालतो, पण तो उचलून दाखवण्यात मोठेपणा नाही. खांदा खाली ओढला जात असेल, तर दोन पौंड कमी करा.

बूट, पाणी आणि नजर

भाड्याने मिळणाऱ्या बुटांचे सहसा दोन्ही तळ घसरणारे असतात. स्वतःचे घेतलेत तर उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या बुटाचा तळ गुळगुळीत आणि उजव्याचा रबराचा असतो, कारण उजवा पाय ढकलतो आणि डावा घसरतो. ओला तळ हा सर्वांत वाईट. सांडलेलं कोल्ड्रिंक, बाथरूममधली फरशी, पावसाळ्यात दारातलं पाणी, एक थेंबही पुरतो. मग पाय घसरायच्या ऐवजी चिकटतो. बोलिंगचे बूट घालून लेनपासून दूर जाऊ नका, गेलात तर तळ पुसा. पहिल्या बॉलआधी रिकाम्या हाताने एकदा हळूच घसरून बघा. तळाला किंवा अ‍ॅप्रोचवर पावडर टाकायचा मोह टाळा. ते नियमात बसत नाही आणि मागून येणारा पडू शकतो.

नजर रेषेवर नको. खाली पाहिलं की डोकं झुकतं आणि वजन पुढे जातं. पुढे लेनवर बाणांच्या खुणा असतात, त्यांतला एक धरून ठेवा.

पाय तिरका जातो का, हेही तपासा. लेन ३९ पट्ट्यांची असते आणि अ‍ॅप्रोचवरचे ठिपके पाच-पाच पट्ट्यांवर असतात. डावा पाय कुठल्या पट्टीवरून निघाला आणि कुठल्या पट्टीवर थांबला ते दर वेळी बघा. एक-दोन पट्ट्यांचा फरक चालेल. दर वेळी वेगळाच आकडा येत असेल, तर निशाणा बदलण्यात वेळ घालवू नका, चाल दुरुस्त करा.

घरी करायचा सराव

लेनवरचा वेळ महाग असतो आणि गावाहून जाऊन मिळवलेला. म्हणून चाल घरीच बसवा. गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये चिकटपट्टीने रेषा आखा आणि तिच्या पुढे चार-पाच फूट मोकळे सोडा. फरशी कोरडी हवी. डाव्या पायात सुती मोजा, उजव्यात रबरी तळाचा बूट. बॉलच्या जागी पाण्याने भरलेली लिटरची बाटली हातात धरा, सोडू मात्र नका. एक-दोन-तीन-घसर असं मोठ्याने म्हणत चला. घसरून झाल्यावर मनात पाच मोजेपर्यंत तसेच राहा. मुलं असतील तर त्यांना फक्त एकाच गोष्टीचा पंच करा: उजवा पाय मागेच राहिला का?

डावखुऱ्यांनी वरचे सगळे पाय आणि हात उलटे धरावेत. साडेचार पावलांचा हिशेब मात्र तोच.