डोळ्यांतून पिवळी घाण येत असेल तर घरी काय तपासावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे

सकाळी जाग येते, पण डोळा उघडत नाही. पापण्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, चाचपल्यावर केसांवर वाळलेले पिवळे खपले हाताला लागतात आणि ओल्या फडक्याने भिजवल्यावरच डोळा कसाबसा उघडतो. घरात निदान तत्काळ होते: डोळे आले. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. मात्र मराठीत डोळे जसे येतात तसे ते जातातही, आणि या दोन्हींची सुरुवात कधीकधी एकाच पिवळ्या घाणीने होते. म्हणून औषधाच्या दुकानाकडे वळण्याआधी घरी पाच-दहा मिनिटे काढून काही गोष्टी तपासून घ्याव्यात. त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन तपासण्यांत शंका आली तर पुढचे काहीही न करता दवाखाना गाठायचा असतो.

त्याआधी एक खुलासा. रोज सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात थोडे चिपडे साचणे हा आजार नव्हे. झोपेत पापण्यांची उघडझाप थांबलेली असते आणि अश्रूही कमी तयार होतात, त्यामुळे श्लेष्मा, पापणीतले तेल आणि मृत पेशी धुऊन न जाता कोपऱ्यात वाळून बसतात. तोंड धुतल्यावर दिवसभर पुन्हा काही आले नाही आणि डोळा लाल नसेल, तर काळजीचे कारण नाही. पुसल्यावर तासा-दोन तासांत पुन्हा पिवळट पू जमू लागला, तर मात्र लक्ष द्यावे. हा पिवळा रंग मुख्यतः जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींचा असतो. डोळ्यात दाह आहे एवढे तो सांगतो. आजार किती गंभीर आहे, हे केवळ रंगावरून कळत नाही.

पहिली पायरी: नजर तपासावी

हात साबणाने धुवावेत आणि साचलेली घाण पुसून काढावी. पुवाचा पातळ थर बुबुळावर असेपर्यंत धूसर दिसणारच. तो गेल्यावर दिसणे पूर्ववत झाले पाहिजे. मग चष्मा असेल तर तो लावून, एका वेळी एक डोळा तळहाताने न दाबता झाकावा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहावे. तारखेचे ठळक आकडे सर्वांनाच दिसतात, त्यावर समाधान मानू नये. त्याखालच्या तिथी-नक्षत्रांची बारीक अक्षरे दोन्ही डोळ्यांनी एरवीसारखीच वाचता येतात का, ते पाहावे. पुसूनही, पापण्यांची उघडझाप करूनही एका डोळ्याने धूसरच दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. साध्या डोळे येण्यात नजर सहसा कमी होत नाही.

दुसरी पायरी: बुबुळ आणि वेदना

खिडकीजवळ उभे राहून आरशात पाहावे किंवा घरातील कोणाला तरी बाजूने टॉर्चचा प्रकाश पाडून पाहायला सांगावे. तीन गोष्टी शोधायच्या आहेत. बुबुळावर पांढरा किंवा राखाडी ठिपका आहे का? लाली कोठे जास्त आहे: पापणीच्या आतल्या बाजूस, की बुबुळाभोवती कड्यासारखी? प्रकाश पडताच डोळा मिटून घ्यावासा वाटतो का? डोळे आल्यावर वाळू गेल्यासारखे खुपते, चुरचुरते, पण खोलवर ठणका लागत नाही. ठणका, उजेडाचा त्रास आणि बुबुळावरचा ठिपका ही बुबुळाला जखम झाल्याची, म्हणजे कॉर्नियल अल्सरची खूण असू शकते.

या जखमेविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे ती अनेकदा शेतात होते. ऊस तोडताना पाचटाची धारदार कड डोळ्यावरून ओझरती जाते, मळणीत धान्याचे कुसळ उडते, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगच्या कामात कण उडतो. क्षणभर डोळा चोळून माणूस पुन्हा कामाला लागतो. पाचटाबरोबर बुबुळात गेलेली बुरशी मात्र काही दिवसांनी डोके वर काढते. मग डोळा लाल होतो, पाणी आणि घाण येते, आणि साथ आली असेल म्हणून कोणीतरी ओळखीच्या दुकानातून थेंब आणून देते. त्या थेंबांत स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारे औषध, असेल तर एक-दोन दिवस लाली ओसरते, बरे वाटते, आणि त्या आडोशाला बुरशी बुबुळात खोल शिरते. रुग्ण नेत्रतज्ज्ञांपर्यंत पोहोचतो तोवर बुबुळावर पांढरा डाग, आपण ज्याला फूल पडणे म्हणतो तो, पक्का होऊ लागलेला असतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांत डोळ्याला काही लागले असल्यास आणि नंतर घाण येऊ लागल्यास, घरगुती उपचारांत एक दिवसही घालवू नये.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना हाच नियम लागू आहे. लेन्स लावून झोपणे, लेन्स किंवा तिची डबी नळाच्या पाण्याने धुणे, लेन्स लावून पोहणे यांतून असे जंतू बुबुळापर्यंत पोहोचतात की जे एक-दोन दिवसांतही मोठे नुकसान करू शकतात. डोळा लाल होताच लेन्स काढावी, चष्मा लावावा आणि त्याच दिवशी तपासून घ्यावे.

तिसरी पायरी: घाण कशी आहे ते पाहावे

नजर आणि बुबुळ ठीक असल्यास पुढचा प्रश्न कारणाचा. दाट, पिवळा किंवा हिरवट पू दिवसभर येत राहणे आणि सकाळी दोन्ही पापण्या चिकटलेल्या असणे, हे चित्र जिवाणूंमुळे डोळे आल्याचे असते. ते बहुधा एका डोळ्यात सुरू होते आणि दुसऱ्यातही पसरते. विषाणूंच्या साथीत घाणीपेक्षा पाणी जास्त वाहते, सोबत सर्दी किंवा घसादुखी असते आणि कानापुढे दाबल्यास दुखणारी गाठ लागते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळ्यांची जी साथ आली, आळंदीत तर शाळकरी मुले मोठ्या संख्येने आजारी पडली, तशा साथींमागे बहुतेक वेळा विषाणूच असतात. विषाणूंच्या आजारातही सकाळी थोडे पिवळट चिपडे येतात, त्यामुळे दोन्हींत गल्लत होते. अँटिबायोटिक थेंबांचा विषाणूंवर काही परिणाम होत नाही. खाज सर्वाधिक असेल आणि घाण पांढरट, दोरीसारखी ओढली जाणारी असेल, तर ती अ‍ॅलर्जी समजावी.

पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे खपले धरत असतील आणि तक्रार महिनोन्‌महिने चालू असेल, तर दोष पापणीच्या कडेचा असतो. रांजणवाडी फुटली तर तीतूनही थोडा पू येतो. एकच डोळा सतत पाणावत असेल, नाकाजवळच्या कोपऱ्यात फुगवटा असेल आणि तो हलकेच दाबल्यावर पू वर येत असेल, तर अश्रुपिशवीत संसर्ग आहे असे समजावे. जुनी माणसे याला लासरू म्हणतात. थेंबांनी ते तात्पुरते दबते, पण अश्रू नाकात नेणारी नळी बंदच राहिल्यास अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते.

चौथी पायरी: डोळा स्वच्छ कसा करावा

पाणी उकळून झाकण ठेवून कोमट होऊ द्यावे. हात धुऊन स्वच्छ कापसाचा बोळा त्या पाण्यात बुडवून पिळावा आणि मिटलेल्या पापणीवर एक-दोन मिनिटे नुसता ठेवावा, म्हणजे खपले सुटतात. ते नखाने खरवडू नयेत. मग नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडे एकदाच पुसावे आणि तो बोळा टाकून द्यावा. पुढच्या वेळी नवा बोळा, दुसऱ्या डोळ्यासाठी तर नक्कीच वेगळा. कमी त्रासाचा डोळा आधी पुसावा. दिवसातून तीन-चार वेळा एवढेच केले तरी पुष्कळ आराम पडतो, आणि जिवाणूंचा साधा संसर्ग अनेकदा आठवडा-दहा दिवसांत आपोआपही बरा होतो.

डोळ्यात मध, गुलाबपाणी, तुरटीचे पाणी, कांद्याचा रस किंवा आईचे दूध घालू नये. या पदार्थांविषयी घरोघरी असलेली श्रद्धा मोठी आहे याची कल्पना आहे. पण ते निर्जंतुक नसतात आणि जखमी बुबुळाला ते सोसत नाहीत. काजळ, सुरमा आणि डोळ्यांचे इतर प्रसाधन बरे होईपर्यंत बंद ठेवावे, आणि आजारपणात वापरलेली काजळाची डबी टाकून द्यावी.

डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर खालची पापणी ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब टाकावा. डोळ्यात त्याहून अधिक औषध मावत नाही, ते गालावर ओघळते. बाटलीचे तोंड पापणीला टेकवू नये. दुसरे औषध असल्यास मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. मागच्या वर्षीची अर्धी बाटली किंवा शेजारच्यांचे उरलेले थेंब वापरू नयेत.

घरात इतरांना लागू नये म्हणून टॉवेल, उशीचा अभ्रा आणि रुमाल वेगळे ठेवावेत, अभ्रा रोज बदलावा आणि डोळ्याला हात लागला की साबणाने धुवावा. आलेल्या डोळ्यांकडे पाहिल्याने डोळे येत नाहीत. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, पण संसर्ग हातांनी पसरतो आणि तो चष्मा अडवू शकत नाही.

लहान बाळाच्या बाबतीत

जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात बाळाच्या डोळ्यांतून पू येऊन पापण्या सुजल्या, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेले गोनोरियाचे, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या एका आजाराचे, जंतू असल्यास बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी पू येतो आणि बुबुळ फार लवकर खराब होते. लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकण्याची पद्धत सुरू केली, ती याच आजाराने येणारे अंधत्व टाळण्यासाठी.

याउलट, डोळा लाल नाही, बाळ मजेत आहे, पण एका डोळ्यातून सतत पाणी आणि थोडे चिपडे येतात, असे अनेक बाळांत दिसते. त्यांची अश्रुनळी पूर्ण उघडलेली नसते. बालरोगतज्ज्ञांकडून एकदा पद्धत पाहून घ्यावी आणि नखे कापलेल्या बोटाने, नाकाकडच्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली, हलका दाब देत पाच-दहा वेळा मालिश करावे. असे दिवसातून तीन-चार वेळा. बहुतेक बाळांची नळी वर्षाच्या आत उघडते. ती उघडली नाही, तर नेत्रतज्ज्ञ सुईसारख्या बारीक सळईने ती मोकळी करतात.

डॉक्टरांकडे केव्हा आणि किती तातडीने जावे

वर सांगितलेली नजर, ठणका, ठिपका, जखम, लेन्स आणि नवजात बाळ यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी. पू इतका भरपूर असेल की पुसताक्षणी पुन्हा भरून येतो, तर तेही तातडीचेच. प्रौढांतला गोनोरियाचा संसर्ग असा दिसतो. डोळ्याभोवती लाल, गरम सूज आली, ताप आहे, बुबुळ फिरवताना दुखते, दोन-दोन दिसते किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, तर संसर्ग डोळा ज्या हाडांच्या खोबणीत असतो तेथपर्यंत गेलेला असू शकतो. अशा वेळी रात्र असली तरी जिल्हा रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. डोळ्याची शस्त्रक्रिया अलीकडे झाली असेल, मोतीबिंदूची धरून, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवावे. मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर वाट पाहणे टाळावे. यांपैकी काहीही नसेल, तर स्वच्छता ठेवून दोन-तीन दिवस पाहण्यास हरकत नाही. तेवढ्यात घाण कमी होऊ लागली नाही किंवा वाढली, तर दाखवावे.

जाताना आतापर्यंत डोळ्यात टाकलेल्या सर्व औषधांच्या बाटल्या सोबत न्याव्यात, नावे विसरलेली असली तरी आणि कोणाच्याही सल्ल्याने टाकली असली तरी. लेन्स आणि तिची डबी फेकून न देता तशीच न्यावी, कारण जंतू ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत त्यांचा उपयोग होतो. स्वतः गाडी चालवू नये. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकले, तर पुढचे काही तास जवळचे नीट दिसत नाही आणि ऊन सोसत नाही.